चाकं की बर्फ? सोलापुरातल्या स्केटर मुलीच्या आईबाबांसाठी

गेल्या महिन्यात जुळे सोलापूरमधल्या एका वहिनींनी मला गाठलं. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. क्वाड स्केट्सवर, म्हणजे पुढं दोन-मागं दोन अशा चार चाकांच्या बुटांवर, सालकाव आणि टो लूप या उड्या मारून नीट उतरते. कुणीतरी घरी येऊन सांगून गेलं की हिला बर्फावर न्या, इथं वेळ घालवू नका. "ताई, तुम्ही यातनं गेलाय, खरं काय ते सांगा," म्हणाल्या. आमची लेक आता पंधराची आहे. तिच्या अकराव्या वर्षी हाच प्रश्न आमच्या घरात तीन महिने मुक्कामाला होता. त्यामुळं वहिनींना जे सांगितलं तेच सविस्तर लिहिते.

आधी माझं मत. घर सोलापुरातच राहणार असेल तर चाकांवरच राहा आणि ते पूर्ण मनानं करा. बर्फ निवडायचा तर आईबाबांपैकी एकानं मुलीबरोबर गाव सोडायची तयारी हवी. वर्षभर इथं चाकं आणि सुट्टीत बर्फ, ही मधली वाट हौसेसाठी छान आहे, स्पर्धेसाठी नाही.

गोंधळ होतो तो दोन्ही खेळ बाहेरून सारखे दिसतात म्हणून. उड्यांची नावं तीच: टो लूप, सालकाव, लूप, फ्लिप, लुत्झ, अ‍ॅक्सल. अ‍ॅक्सल तेवढी पुढं तोंड करून मारायची, म्हणून तिच्यात हवेतली अर्धी फेरी जास्त. गाण्यावर बसवलेला कार्यक्रम, गिरक्या, पायांची नक्षी, सगळं दोन्हीकडं आहे. पण पायाखाली फार वेगळं चालतं. बर्फाचं ब्लेड जेमतेम ४ मिलिमीटर जाड, त्याला मधून लांबट खाच, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंच्या दोन धारांवर सगळा खेळ. क्वाडला चार चाकं, वजन जास्त, आणि वळायचं तर चाकांच्या वरचं रबर दाबून बूट कलवायचा. टाचेकडच्या चाकांवर घ्यायच्या हील कॅमलसारख्या काही गिरक्या तर चाकांवरच होतात.

आम्ही लेकीला दोन आठवडे गुरुग्रामच्या मॉलमधल्या रिंकवर नेलं होतं. पहिले दोन दिवस ती फक्त पडली. ब्लेडच्या पुढच्या टोकाला दात असतात. क्वाडच्या स्टॉपरच्या, म्हणजे बुटाच्या पुढच्या रबरी टोकाच्या, सवयीनं ती पुढं भार टाकायची, दात बर्फात रुतायचे आणि ही तोंडावर. चौथ्या दिवशी मात्र धार सापडली. एका पायावर तिनं एवढा मोठा, खोल वळसा घेतला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परत आल्यावर इथल्या सिमेंटवर तिच्या उड्यांची वेळ तीन आठवडे चुकत होती. बूट जड वाटायचे, पाय उशिरा सुटायचा. तेव्हा आम्हाला कळलं की शरीर दोन्ही भाषा शिकतं, पण रोज बोलायला मिळते तीच त्याला येते.

म्हणून निर्णयाआधी कॅलेंडर घेऊन बसा. बर्फावर वर्षात किती दिवस मिळतील ते मोजा. सोलापुरात बर्फाचा रिंक नाही. शिमल्याचा रिंक १९२० पासूनचा, पण उघड्यावरचा, नैसर्गिक बर्फाचा. तिथं थंडीचे मोजके महिने, तेही सकाळ-संध्याकाळ. डेहराडूनचा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला, मग कित्येक वर्षं बंद पडून होता, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. गुरुग्रामचा बारमाही आहे, पण स्पर्धेच्या ६० बाय ३० मीटरपेक्षा लहान, आणि मॉलमधला असल्यानं हौशी लोकांच्या गर्दीतून सरावाची वेळ काढावी लागते. कर्नाटक एक्सप्रेस इथून थेट नवी दिल्लीला जाते, पण प्रवास एका दिवसाहून जास्त. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून आम्ही तो आनंदानं केला. वर्षातून दोनदा तो जमतो. स्पर्धक मूल आठवड्याला पाच-सहा दिवस बर्फावर असतं.

चाकांवर तेच पाच-सहा दिवस इथं मिळतात. मार्च ते मे सकाळी साडेपाचला रिंकवर पोचायचं, कारण आठ वाजले की फरशी तापते. पावसाचा अडथळा आपल्याकडं तसा कमी. खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या बॅचमध्ये चाळीस मुलं होती आणि त्यातली आर्टिस्टिकची, म्हणजे गाण्यावरच्या उड्या-गिरक्यांच्या या प्रकाराची, चार. बाकी सगळी स्पीडची, म्हणजे शर्यतीची. त्यामुळं चाकं निवडली म्हणून निर्धास्त होऊ नका. आधी विचारा की सर स्वतः आर्टिस्टिक शिकवतात का, मुलांना राष्ट्रीय स्पर्धेत या प्रकारात उतरवतात का, आणि नव्या 'रोलआर्ट' गुणपद्धतीप्रमाणे कार्यक्रम बसवून देतात का. उत्तर 'नाही' असेल तर तुम्हालाही प्रवास आहेच, फक्त जवळचा. सुट्टीतल्या जादा शिकवणीसाठी आम्ही हैदराबादला जातो, एका रात्रीचं अंतर. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांचे पाहुणे तिथं असतातच, राहायची सोय होते. आर्टिस्टिक स्केटर अनुपकुमार यामा हैदराबादचाच. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं एकेरीत आणि जोडीत कांस्य मिळवलं, २०१५ मध्ये अर्जुन पुरस्कार. हा रस्ता आपल्यासारख्याच उकाड्याच्या गावातून वर गेलेला आहे, हे मुलीला जरूर सांगा.

आता पुढचा जिना. बर्फाकडं ऑलिंपिक आहे, चाकांवरच्या आर्टिस्टिककडं नाही. ही गोष्ट लहान नाही, आमची लेक अजून त्यावर हळवी होते. पण ऑलिंपिकच्या फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या याच खेळात, आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. भारतासाठी खेळणारी तारा प्रसाद अमेरिकेत वाढली, तिथंच घडली. देशात बर्फावरचे स्पर्धक थोडे, म्हणून राष्ट्रीय पदक जवळ भासतं. त्याच्या पुढं जागतिक स्पर्धेच्या दारात मात्र तांत्रिक गुणांची किमान पातळी ठरलेली असते आणि ती गाठल्याशिवाय आत घेत नाहीत. वयाचंही बघा. आंतरराष्ट्रीय ज्युनिअर गट तेराव्या वर्षी सुरू होतो. सिनिअरसाठी पूर्वी १५ वर्षं पुरायची, २०२४-२५ च्या हंगामापासून १७ लागतात. मुलींच्या शरीरासाठी ही सवड चांगलीच आहे. पण दुहेरी उड्या, म्हणजे हवेत दोन फेऱ्यांच्या, त्याच्या बऱ्याच आधी पक्क्या व्हाव्या लागतात, म्हणून बर्फावर जायचंच तर दहाच्या आत जा. आम्ही अकराव्या वर्षी विचार करत होतो, तेव्हाच उशीर झाला होता.

चाकांवर राज्य, राष्ट्रीय, आशियाई, जागतिक अशी शिडी आहे आणि खालच्या पायऱ्या सोलापूरहून चढता येतात. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यांवर विसंबण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालू नियम बघा. खेळ यादीत आहे, एवढ्यावर थांबू नका. तुमचा प्रकार आणि तुमच्या स्पर्धेची पातळी चालते का, ते विचारा.

खर्चाचं थोडक्यात सांगते. सुरुवातीचे क्वाड काही हजारांत येतात, चाकं-बेअरिंग सुटे बदलता येतात, लहान झालेले बूट दुसऱ्या मुलीला जातात. बर्फाचे चांगले बूट आणि ब्लेड परदेशी, हिशेब दहा हजारांच्या पटीत, आणि वाढत्या पायाला ते वर्षभरच पुरतात. ब्लेडला साधारण २०-२५ तासांनी धार लावावी लागते. ती खाच राखून लावायची असल्यानं तिला खास यंत्र लागतं. रिंकचे तास, शिकवणी, भाडं, दुसरी शाळा हे सगळं वेगळं. दुखापत दोन्हीकडं आहे. वाढीच्या वयात गुडघा किंवा नडगी दुखते म्हणाली तर उड्या त्याच दिवशी थांबवा.

अमेरिकेच्या तारा लिपिन्स्कीचं उदाहरण वहिनींनाही कुणीतरी ऐकवलं होतं. तिसऱ्या वर्षी चाकांवर, सहाव्या वर्षी बर्फावर, आणि १९९८ मध्ये नागानोला पंधराव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण. सगळं खरं. पण त्यासाठी ती आणि आई डेलावेअरला राहिल्या आणि वडील नोकरीसाठी टेक्ससला. मला त्याहून अलिसा लिऊचं जवळचं वाटतं. तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती, सोळाव्या वर्षी खेळ सोडला, दोन वर्षं दूर राहिली आणि २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. सोडायची मुभा मुलीला आधीपासून द्या. घर हलवल्यावर ती मुभा द्यायला आईबापांना फार जड जातं, कारण मग प्रत्येक पडण्यात भाड्याचे पैसे दिसू लागतात.

बर्फाची ओढ सुटतच नसेल तर इनलाइन फिगर स्केट्स घ्या. एका रेषेतली चाकं, किंचित कमानदार फ्रेम, पुढं रबरी टोक. धारेची थोडी चव इथल्याच फरशीवर मिळते, आणि चाकांच्या स्पर्धांत या प्रकाराचा वेगळा गट आहे. आमच्या लेकीला यानंच सावरलं.

वहिनींचं अजून ठरलेलं नाही. रविवारी त्या मुलीला घेऊन येणार आहेत. भावजींनाही आणा, असं मी सांगितलंय. दोन घरं करायची झाली तर इथं एकटे राहणार ते, आणि त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही.