थेरपीची फी: विम्यातून की खिशातून?

मी दोन्ही मार्ग वापरले आहेत. पैशांपुरतं बोलायचं तर विमा सरस, त्यात वाद नाही. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्याच धर्तीवर विमा मिळायला हवा असं सांगतं. मात्र तुमची पॉलिसी फक्त हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचा खर्च देत असेल, तर दर आठवड्याच्या सेशनला तिचा उपयोग नाही. ओपीडी कव्हर आहे ना, तेवढं आधी बघून घ्या.

माझं अडलं ते क्लेम फॉर्मवरच्या 'निदान' या रकान्यापाशी. घरातल्या एका मृत्यूनंतर माझी झोप उडाली होती, म्हणून मी थेरपी सुरू केली. नेमकं काय होतंय हे मी आणि माझ्या थेरपिस्टबाई दोघंही अजून चाचपडत होतो, पण रकाना रिकामा ठेवून चालत नाही. तिथे 'एफ ४३.२' हा आजाराचा कोड आला, म्हणजे समायोजन विकार, आयुष्यातल्या मोठ्या धक्क्याशी जुळवून घेताना होणारा त्रास. चूक काहीच नव्हतं, शोकाची प्रतिक्रियाही याच कोडखाली येते. पुढे आणखी सेशन्स मंजूर करण्याआधी विमा कंपनीने प्रगतीचा अहवाल मागितला. थेरपिस्टबाईंनी मोघम चार ओळी लिहिल्या, पाठवण्याआधी मला वाचूनही दाखवल्या. तरी त्यानंतर मी सेशनमध्ये शब्द तोलून बोलू लागलो. वडिलांबद्दलचा राग ओठांवर यायचा आणि तिथेच थांबायचा. ज्यासाठी जायचं तेच होईना, म्हणून पुढची फी मी स्वतः भरू लागलो.

अर्थात खिशातून पैसे भरले म्हणजे सगळंच झाकलं जातं असं नाही. त्याच कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, तर थेरपिस्टला आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागू शकते. नवी पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्मवर आधीच्या उपचारांबद्दल विचारलं, तर फी कुणीही भरलेली असो, खरंच सांगायला हवं.

आजार गंभीर असेल, औषधं किंवा दाखल होण्याची वेळ येईल असं वाटत असेल, तर बहुधा विमाच वापरावा; तिथे पैशाअभावी उपचार तुटणं जास्त वाईट. पण मोकळं बोलण्यासाठी जात असाल आणि झेपत असेल, तर मी स्वतः फी भरा म्हणेन, अगदी सेशन्स महिन्यातून दोनवर आणावी लागली तरी. क्लेम करणारच असाल, तर कोणता कोड लिहिणार आणि अहवाल पाठवण्याआधी मला दाखवणार का, हे थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारून घ्या.