किमोसाठी पोर्ट, पिक लाइन की हाताचीच शीर? ऑपरेशनच्या आधी ठरवताना

स्तनाच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सह्यांचे कागद पुढे येतात आणि त्यातच कुणीतरी विचारतं, "त्याच भुलीत किमोपोर्टही बसवून घेऊ का?" मला विचारलं तेव्हा माझी माय शेजारी बसली होती. "आंगमा मशीन कसाले टाकतस?" एवढंच ती म्हणाली आणि मी नाही सांगून टाकलं. पुढे मला तो नकार महागात पडला. पण प्रत्येकीला पडेलच असं नाही, म्हणून तिन्ही पर्याय मांडते.

आधी एक सांगते, पोर्ट म्हणजे मशीन नव्हे. त्यात बॅटरी नसते, काही फिरत नाही. नाण्याएवढी टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची डबी, तिच्यावर सिलिकॉनचा पडदा आणि तिला जोडलेली बारीक नळी. डबी गळ्याच्या हाडाखाली, बहुधा ज्या बाजूला कॅन्सर नाही तिथे, कातडीखाली बसते. नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. किमोच्या दिवशी वेगळ्या प्रकारच्या सुईनं त्या पडद्यात टोचतात. सुई काढली की बाहेर काही लोंबत नाही.

हाताच्या शिरेला आधीचा खर्च नाही, चिरा नाही. शिरा ठळक असतील आणि डोस मोजके असतील तर तेवढंच पुरतं. अडचण अशी की बगलेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज येण्याचा धोका राहतो, म्हणून तिथे सुई टोचू देत नाहीत. मग सगळा भार एकाच हातावर. त्यात ते लाल औषध, डॉक्सोरुबिसिन. ते शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जाळतं. तिसऱ्या किमोला माझ्या हातात इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवतात ती छोटी नळी, बसवायला पाच वेळा टोचलं. चौथ्याला औषध सुरू होताच जळजळ झाली, मी ओरडले, नर्सनं लगेच थांबवलं. जखम झाली नाही, पण मनगटापासून कोपरापर्यंतची शीर कित्येक महिने दोरीसारखी कडक राहिली. जळजळ झाली तर लाजू नका, तिथल्या तिथे सांगा.

पिक लाइन म्हणजे एक लांब, बारीक नळी. ती दंडातल्या शिरेतून घालतात, पण तिचंही टोक हृदयाजवळच पोचतं. चिरा लागत नाही, फक्त तेवढीच जागा बधिर करतात, आणि काढतानाही सोपं. सुरुवातीचा खर्च पोर्टपेक्षा कमी. पण नळीचं तोंड बाहेर असतं, दर आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लश (नळी तुंबू नये म्हणून आतून धुणं) करावं लागतं, आणि ती जागा कोरडी ठेवावी लागते. आपल्याकडचा मे महिना आठवा. भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर, घामानं ड्रेसिंग सुटतं, आंघोळीला हाताला प्लास्टिक गुंडाळायचं. माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई रावेरकडची. दर आठवड्याला एसटीनं जळगावला ड्रेसिंगला यायची, घरचं एक माणूस केळीच्या बागेतलं काम सोडून सोबत. त्या भाड्याचा आणि बुडालेल्या रोजाचा हिशेब कुठल्याही अंदाजपत्रकात नसतो. पाणी शेंदणं, जड हंडा उचलणं हेही त्या हातानं टाळायचं. किमो थोडी असेल, थंडीच्या दिवसांत असेल आणि दवाखाना जवळ असेल तर पिक लाइन चालून जाते. एरवी मी तरी सुचवणार नाही.

ब्रिटनमध्ये १,०६१ कॅन्सर रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात पोर्ट आणि पिक लाइनची तुलना केली तेव्हा पोर्टवाल्यांपैकी ३२ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, पिक लाइनवाल्यांपैकी ४७ टक्क्यांना. म्हणजे पोर्टलाही त्रास आहेच: जंतुसंसर्ग, शिरेत गुठळी, नळी तुंबणं, आणि बसवताना क्वचित फुप्फुसाला टोचणं. फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला, किंवा मान-हात सुजला, तर सकाळची वाट पाहू नका. शिवाय बसवायला एक चिरा, काढायला पुन्हा एक. ब्लाउजचा किंवा पर्सचा पट्टा तिथे घासतो, त्यामुळे जागा ठरवताना डॉक्टरांना पट्टा कुठे येतो ते दाखवा.

आता खरा प्रश्न. पोर्ट ऑपरेशनमध्येच घ्यायचं का? एकाच भुलीत काम होतं, हा फायदा मोठा. पण किमो लागणार हे नक्की आहे का, ते आधी विचारा. गाठ लहान आणि हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी, असेल तर काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आल्यावर किमोची गरजच नाही असंही ठरू शकतं. मग पोर्ट उगाच बसलं. अशा वेळी थांबा, नंतर तेवढीच जागा बधिर करून ते बसवता येतं. उलट गाठ हर-टू पॉझिटिव्ह असेल, म्हणजे तिच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असेल, आणि त्यावरचं औषध ट्रास्टुझुमॅब शिरेतून द्यायचं असेल, तर दर तीन आठवड्यांनी जवळपास वर्षभर सुई लागते. तिथे मी डोळे मिटून पोर्टला हो म्हणेन. माझंही तसंच होतं, आणि शेवटी चौथ्या किमोनंतर मी ते बसवून घेतलं, वेगळं बिल भरून.

सही करण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या दवाखान्यातल्या माणसाला, भेटा आणि योजनेत पोर्टचे पैसे बसतात का ते विचारा. बसत नसतील तर पोर्ट, बसवणं, काढणं असा आकडा लेखी घ्या. सीटी स्कॅनचं औषध जोरात सोडता येईल असं पोर्ट आहे का, हेही विचारा, आणि पोर्टसोबत मिळणारं त्याचं कार्ड जपून ठेवा.

किमो संपल्यावरही पोर्ट ठेवलं तर फ्लश चुकवता येत नाही. काही डॉक्टर चार आठवड्यांनी सांगतात, काही तीन महिन्यांपर्यंत चालवून घेतात. मुंबईला किंवा नाशिकला उपचार घेत असाल तर तेवढ्यासाठी रात्रीची गाडी पकडणं परवडत नाही. म्हणून चाळीसगाव, धुळे, जळगाव, जे जवळ पडेल तिथे ती वेगळी सुई ठेवणारी आणि पोर्ट हाताळलेली नर्स कोण आहे, हे पोर्ट बसण्याआधीच शोधून तिचा नंबर घेऊन ठेवा.