यूपीआय लाइट: छोट्या खर्चाला एक नंबर, पण फोनवरच सगळी भिस्त ठेवू नका

बरेच महिने यूपीआय लाइट वापरतोय, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट, त्यात बँकेतून आधी पैसे भरून ठेवायचे आणि त्यातून खर्च करायचा. ज्यांचा चहा, भाजी, रिक्षा असा रोजचा खर्च फोनवरूनच होतो त्यांनी हे चालू करून घ्याच. पिन टाकायला लागत नाही, एका वेळी हजारापर्यंत पैसे जातात आणि लाइटमध्ये जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात. मला सगळ्यात जास्त फायदा पासबुकात दिसला. आधी पासबुक भरून आणलं की पानंच्या पानं दहा रुपये, वीस रुपये, पंधरा रुपये, त्यात पगार कुठे आणि लाइटबिल कुठे ते शोधत बसायचं, आता लाइटमध्ये पैसे भरले तेवढीच एंट्री येते. संध्याकाळी मंडईत तुफान गर्दी असते तेव्हाही बहुतेक वेळा मी पिशवी उचलायच्या आत मावशींचा स्पीकर बोलून मोकळा होतो.

पण क्यूआर स्कॅन करून पैसे द्यायचे तर नेट लागतंच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नावात लाइट आहे म्हणजे नेटशिवाय चालेल असं वाटतं. मागच्या पावसाळ्यात बाबांबरोबर ताम्हिणीत एसटीत चढलो, कंडक्टरने मशीनवर क्यूआर काढून समोर धरला, स्कॅन झाला आणि मग ते गोल फिरतंय ते फिरतंयच, मागे चार जण तिकिटासाठी उभे. कंडक्टर शांतपणे बाबांना म्हणाला, "काका, इथं रेंज नाय मिळायची, सुट्टे असतील तर बघा." बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या म्हणून तिकीट निघालं. घाटात आणि कोकणात कितीतरी गावांत हे रोजचं आहे, तिथल्या माणसाला नुसतं "ऑनलाइन करा" सांगणं बरोबर नाही.

नेट नाही पण फोन लागतोय अशा ठिकाणी *९९# आहे, हा नंबर डायल करून मेनूतून यूपीआयने पैसे पाठवता येतात. साध्या बटणाच्या फोनवरही चालतं, एका वेळी पाच हजारापर्यंत पाठवता येतात. फक्त ते आधी घरी बसून सेट करा, बँकेत दिलेल्याच नंबरवरून डायल करायचं, आयएफएससीची (बँक शाखेच्या कोडची) पहिली चार अक्षरं टाकायची, पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरी लागते. आयत्या वेळी रस्त्यात उभं राहून हे जमत नाही, मेनूला उशीर झाला की सेशन तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि टॉवरच नसेल तर हेही नाही.

खरी अडचण फोन हरवला की कळते आणि याबद्दल कुणीच आधी सांगत नाही. यूपीआय सुरू करताना तुमच्या सिमवरून एसएमएस जातो, म्हणजे आधी डुप्लिकेट सिम पाहिजे. ते मिळालं तरी नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद असतं, फसवणूक होऊ नये म्हणून केलेला नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण तोपर्यंत यूपीआय नाही, एसएमएसवरचा ओटीपी नाही. नंतर नवीन फोनवर यूपीआय चालू झालं तरी पहिल्या २४ तासांत पाच हजारांचीच मर्यादा असते. अशा वेळी घरात कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर काय करणार? २०२५ मध्ये २६ मार्चला आणि १२ एप्रिलला देशभर यूपीआय अडकलं होतं, तेव्हा तर फोन हातात असूनही पैसे जात नव्हते. म्हणून डेबिट कार्ड फोनच्या कव्हरमागे ठेवू नका, फोनबरोबर तेही जातं. वेगळ्या पाकिटात ठेवा, दोन-तीन हजार रोख घरात असू द्या आणि घरच्यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, आजकाल स्वतःच्या बायकोचा नंबरही लोकांना पाठ नसतो.

लाइटला पिन नाही म्हणून फोनला लॉक पाहिजेच पाहिजे. आईच्या फोनवर मी चालू करून दिलंय पण त्यात हजारच रुपये ठेवतो, तेवढ्यात तिचं दूध, फुलं, भाजी आरामात होतं आणि बँकेच्या मोठ्या खात्याचा पिन तिला दुकानात चार लोकांसमोर टाकावा लागत नाही. तेवढ्यासाठी माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, एक कापला तो नेटसाठी.