मासळीच्या डब्यावरचा निळा शिक्का आणि छोट्या होडीची मिळकत

हवाबंद डब्यातली किंवा गोठवलेली मासळी घेताना तिच्यावर माशाच्या आकृतीचा एक निळा लंबगोल शिक्का अनेकदा दिसतो. हा शिक्का मरीन स्ट्युअर्डशिप काउन्सिल म्हणजेच एमएससी या संस्थेचा असून, ही मासळी समुद्रातला साठा राखून पकडली आहे अशी हमी तो देतो. गेले काही महिने मी असा शिक्का असलेली आणि त्याच्या जोडीला ‘फेअर ट्रेड’चा, म्हणजे उत्पादकाला न्याय्य मोबदला मिळावा यासाठीचा, शिक्का असलेली मासळी जाणीवपूर्वक घेत आलो, प्रत्येक वेष्टन जपून ठेवले आणि त्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. छोट्या होडीतून, स्वतःच्या हाताने मासे धरणाऱ्या माणसाचा संसार या शिक्क्यामुळे किती सावरतो, एवढाच प्रश्न मनात होता. या शिक्क्यांचे परीक्षण मी त्याच अंगाने करत आहे.

जपून ठेवलेल्या डब्यांपैकी एक डबा मला सर्वांत प्रामाणिक वाटला. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत माशाचे शास्त्रीय नाव कात्सुवोनस पेलामिस, म्हणजे कुपा जातीतला ट्यूना, मासेमारीचे क्षेत्र ५१, म्हणजे जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या विभागणीनुसार पश्चिम हिंदी महासागर, आणि पकडण्याची पद्धत ‘काठी आणि गळ’ असे तीन तपशील छापलेले होते. या पद्धतीत जिवंत छोटे मासे पाण्यात फेकून आणि वरून पाण्याचा फवारा उडवून ट्यूनाचा थवा बोटीजवळ आणतात. मग बोटीच्या मागच्या टोकाला ओळीने उभे असलेले मच्छीमार काठीच्या एका झटक्यात एक-एक मासा वर घेतात. गळाला उलटा काटा नसल्यामुळे मासा आपोआप सुटून फळीवर पडतो आणि काठी पुन्हा पाण्यावर जाते. एका गळाला एकच मासा लागत असल्याने नको असलेले जीव फारसे मरत नाहीत, आणि तेवढीच मासळी मिळवायला माणसे मात्र जास्त लागतात. डब्यावरच्या या दोन शब्दांमागे कितीतरी घरांचा रोजगार उभा असतो, म्हणून शिक्क्याच्या आधी ही ओळ वाचावी असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

एमएससीची स्थापना १९९७ साली युनिलिव्हर ही कंपनी आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था यांच्या पुढाकाराने झाली. माशांचा साठा कितपत सुस्थितीत आहे, मासेमारीमुळे बाकीच्या सागरी जीवनाला किती धक्का बसतो आणि व्यवस्थापन किती परिणामकारक आहे, या तीन तत्त्वांवर बाहेरचे तपासनीस गुण देतात. कोणत्याही निकषावर ६० पेक्षा कमी गुण चालत नाहीत आणि प्रत्येक तत्त्वाची सरासरी किमान ८० असावी लागते. प्रमाणपत्र ५ वर्षांचे असले तरी दरवर्षी फेरतपासणी होते, आणि मासळी बंदरापासून दुकानापर्यंत ज्यांच्या हातातून जाते त्या प्रत्येक दुव्याची नोंद ठेवावी लागते. समुद्राच्या बाजूने पाहिले तर ही व्यवस्था मला भरवशाची वाटते.

मात्र या तीन तत्त्वांत मच्छीमाराच्या मिळकतीला जागा नाही. सक्तीच्या मजुरीला आणि बालमजुरीला आळा घालण्यासाठी संस्थेने नियम केले आहेत. पण किनाऱ्यावर मासळीला काय भाव मिळाला, बर्फासाठी आणि डिझेलसाठी घेतलेल्या उचलीपायी ती मासळी आधीच व्यापाऱ्याकडे बांधली गेली होती का, वाढीव किमतीतले काय कोणाच्या पदरात पडले, हे प्रश्न या परीक्षेत विचारलेच जात नाहीत. संस्था तसा दावाही करत नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तो दावा आपणच, ग्राहक म्हणून, शिक्का पाहून मनाने जोडून घेतो.

हा प्रश्न किरकोळ मुळीच नाही. जागतिक अन्न आणि कृषी संघटना, ड्यूक विद्यापीठ आणि वर्ल्डफिश ही मत्स्यसंशोधन संस्था यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीपैकी किमान ४० टक्के मासळी छोट्या प्रमाणावरच्या मासेमारीतून येते, आणि मासेमारीशी जोडलेल्या एकूण रोजगारापैकी ९० टक्के रोजगार याच क्षेत्रात आहे. काही अंशी तरी या व्यवसायावर विसंबून असलेल्या माणसांची संख्या ४९ कोटींच्या घरात जाते. एवढ्या मोठ्या समाजाच्या उपजीविकेबद्दल जगातला सर्वांत परिचित शिक्का गप्प राहत असेल, तर ती उणीव ठळकपणे नोंदवायलाच हवी.

शिक्का छोट्या मच्छीमारांना कधी उपयोगी पडतो, हे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या लाल शेवंडाच्या उदाहरणावरून चांगले कळते. तिथल्या सहकारी संस्थांच्या महासंघाला २००४ साली हे प्रमाणपत्र मिळाले, आणि विकसनशील देशातल्या छोट्या मासेमारीला मिळालेले ते पहिले प्रमाणपत्र होते. गंमत अशी की तिथला बहुतेक शेवंड जिवंत अवस्थेत आशियाई बाजारात जात असल्यामुळे शिक्क्याने भाव विशेष वाढला नाही. पण सरकारदरबारी त्या वस्त्यांचा शब्द वजनदार झाला. तिथल्या मच्छीमारांकडे आपापल्या किनाऱ्याचे दीर्घ मुदतीचे हक्क होते, ते स्वतः सापळ्यांची संख्या ठरवत आणि स्वतःच पहारा देत. म्हणजे हक्क आणि संघटना आधी होती, शिक्का नंतर आला, आणि प्रमाणपत्राचा मालकही मच्छीमारांचा महासंघच होता. मालदीवच्या काठी-गळाच्या कुपा मासेमारीला २०१२ साली प्रमाणपत्र मिळाले, ते मात्र मासळी प्रक्रिया करणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्यांच्या संघटनेच्या नावे. ती मासेमारी उत्तमच आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु कागद ज्याच्या नावावर असतो, त्यालाच खरेदीदाराशी भावाची बोलणी करताना बळ मिळते, आणि डब्यावरून हा फरक ग्राहकाला कधीच कळत नाही.

खर्चाचा प्रश्न वेगळाच आहे. तपासणीसाठी हजारो डॉलरपासून लाखभर डॉलरपर्यंत खर्च येऊ शकतो, आणि तो मासेमारीच्या गटालाच किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी सोसावा लागतो. त्यातच प्रमाणपत्र विशिष्ट साठा आणि विशिष्ट साधन यांच्या जोडीला मिळते, तर उष्ण कटिबंधातल्या छोट्या जाळ्यात एका फेरीत दहा-वीस जातींचे मासे येतात, मोसमाप्रमाणे जाळे बदलते, आणि मासळी एका बंदरावर न उतरता शेकडो ठिकाणच्या वाळूवर उतरते. आकडेवारी अपुरी असलेल्या ठिकाणी जोखमीच्या अंदाजावरून गुण देण्याची सोय एमएससीने केली आहे, आणि केरळच्या अष्टमुडी तलावातल्या शिंपल्यांनी २०१४ साली भारतातले पहिले प्रमाणपत्र मिळवून छोट्यांनाही हे साधते असे दाखवले. पण शिंपले एका जातीचे आणि एका जागचे असतात. मिश्र जाळ्यावर जगणाऱ्या होडीला ही वाट अजून अरुंदच आहे.

फेअर ट्रेड यूएसए या अमेरिकी संस्थेने २०१४ साली समुद्री मासेमारीसाठी आणलेले मानक या ठिकाणी वेगळे पडते. त्याची पहिली मानकरी इंडोनेशियाच्या मालुकू भागातली हातदोरीने यलोफिन ट्यूना पकडणारी मच्छीमार मंडळी होती, जी एकट्याने किंवा दोघांनी लहानशा होडीतून समुद्रावर जातात. खरेदीदाराने मासळीच्या किमतीशिवाय एक ठरावीक जादा रक्कम मच्छीमारांच्या समितीच्या खात्यात भरायची, आणि ती कशावर खर्च करायची हे मच्छीमारांनीच ठरवायचे, असा हा नियम आहे. शिवाय त्यातली किमान ३० टक्के रक्कम समुद्राच्या संवर्धनावर लावावी लागते. पैसा कोणाच्या खात्यात गेला हे सांगणारा शिक्का म्हणून मला तो अधिक जवळचा वाटतो. त्याची मर्यादाही तेवढीच खरी आहे: ही जादा रक्कम फेअर ट्रेडच्या अटींवर विकल्या गेलेल्या मालावरच मिळते, त्यामुळे खरेदीदाराने हात आखडता घेतला की समितीचे खाते कोरडे पडते.

ट्यूनाच्या काही डब्यांवर ‘डॉल्फिन सुरक्षित’ असेही छापलेले असते; हे शब्द वाचून कोणी समाधान मानू नये. ते डॉल्फिनपुरतेच आहेत आणि मच्छीमाराबद्दल अवाक्षरही सांगत नाहीत.

एमएससी आणि फेअर ट्रेड या दोन्ही शिक्क्यांत मला सर्वांत जास्त खटकते ते स्त्रियांच्या कामाचे विस्मरण. ओहोटीला शिंपले वेचणे, होडी लागताच मासळी निवडणे, खारवणे, सुकवणे, टोपलीतून विकणे, ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रियांच्या हातून होतात. २०२३ च्या त्याच अभ्यासानुसार छोट्या मासेमारीच्या क्षेत्रात राबणाऱ्या दर दहा माणसांत चार स्त्रिया असतात. तपासणी होडीपासून आणि साधनापासून सुरू होते, आणि ज्या बाईच्या नावावर होडी नाही ती बहुतेकदा नोंदीतच येत नाही. २०१४ साली स्वीकारलेल्या छोट्या मासेमारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत किनाऱ्यावरच्या जमिनीचा हक्क, मासेमारीचा हक्क आणि स्त्री-पुरुष समानता या गोष्टी स्पष्टपणे लिहिल्या आहेत. त्यांतले निम्मे निकष जरी शिक्क्यांनी उचलले, तरी या परीक्षणातल्या माझ्या बहुतेक तक्रारी मिटतील.

एका विक्रेत्या कंपनीला मी पत्र लिहून विचारले होते की, तुमच्या डब्यातला मासा कोणत्या प्रकारच्या बोटीने धरला आणि त्या मच्छीमारांची काही समिती आहे का. उत्तर आले, सौजन्यपूर्ण होते, पण त्यात प्रश्नांचे उत्तर नव्हते. शिक्क्याची माहिती देणारे पत्रकच पुन्हा पाठवले होते. दुसऱ्या एका लहान विक्रेत्याने मात्र मासेमारीचे साधन, बोटीची लांबी आणि समितीने त्या वर्षी जादा रकमेतून घेतलेल्या वस्तूंची यादी पाठवली, जिच्यात बर्फाच्या पेट्या आणि जीवरक्षक जाकिटे होती. तेव्हापासून मी त्यांच्याकडूनच घेतो. निळा शिक्का असलेला डबा घ्यायचा झाला तर काठी-गळाचा किंवा हातदोरीचा उल्लेख असलेलाच उचलतो, आणि शिक्क्याखालचा संकेतांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून त्यावर अजून वैध प्रमाणपत्र आहे की नाही ते तपासतो. या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.