सीएसआर सल्लागाराचं प्रमाणपत्र, ५६,६४० रुपये आणि अण्णांना आलेला फोन

संस्थांसाठी प्रस्ताव लिहिणाऱ्या, कंपन्यांच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक कामाला निधी देणाऱ्या) विभागाबाहेर ताटकळणाऱ्या, मार्च आला की युटिलायझेशन सर्टिफिकेटच्या, म्हणजे निधी कसा खर्च झाला त्या दाखल्याच्या, मागे धावणाऱ्या सगळ्या स्वतंत्र सल्लागारांसाठी हे लिहितेय. ‘सर्टिफाइड सीएसआर अँड फंडरेझिंग कन्सल्टंट’ असं भारदस्त नाव असलेला एक ऑनलाइन कोर्स मी केला. फी ४८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५६,६४०. पैसे गेलेच. पण त्याहून वाईट म्हणजे कोर्सच्या ‘असाइनमेंट’च्या निमित्ताने मी ज्या संस्थेचं काम बघते तिची कागदपत्रं भामट्यांच्या हाती पडली आणि मग संस्थेला फोन सुरू झाले. कोर्सवाल्यांचं नाव देत नाही, कारण तक्रार चालू आहे. तसंही नावाचा उपयोग कमीच, तीच मंडळी आता वेगळ्या नावाने जाहिरात करताना दिसतायत.

असल्या कोर्सला गिऱ्हाईक का मिळतं, ते आधी सांगते. आमच्या कामातले नियम गेल्या दहा-बारा वर्षांत सारखे बदलतायत. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. सप्टेंबर २०२०मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, बदलला. एप्रिल २०२१ पासून सीएसआरचा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ या फॉर्मवरची नोंदणी लागू लागली, त्याच सुमारास १२ए आणि ८०जीची, म्हणजे करसवलतीची, नोंदणी सगळ्यांना नव्याने करावी लागली, मग दरवर्षी ३१ मेच्या आत देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये भरायची आली. तेवढ्यात सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे शेअर बाजारातला सामाजिक संस्थांसाठीचा विभाग, आलं. संस्थेचे अध्यक्ष मीटिंगमध्ये सहज विचारतात, ‘मॅडम, ते शेअर बाजारातून पैसे मिळतात म्हणे, आपलं काय?’ आणि आपल्याला धड उत्तर देता येत नाही. ज्याचं पोट सल्ल्यावर चालतं त्याला ‘मी मागे पडतोय’ ही धास्ती कायम असते. भामटे नेमकी तीच हेरतात.

जाहिरात अगदी लग्नाच्या बायोडाटासारखी सजवलेली होती. ‘नीती आयोग मान्यताप्राप्त’, ‘कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणीकृत’, ‘आयएसओ ९००१’, ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’. यातला एकेक दावा सोलून बघण्यासारखा आहे, कारण हेच शब्द तुम्हाला दुसऱ्या जाहिरातींतही भेटतील.

‘नीती आयोग मान्यताप्राप्त’ म्हणजे काय, तर नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. कुठलीही नोंदणीकृत संस्था आपली माहिती भरून तो घेऊ शकते, तुमच्या-माझ्या गावातल्या संस्थेकडेही असतो. त्याचा कोर्सच्या दर्जाशी काडीचा संबंध नाही. मंत्रालयाची नोंदणी म्हणजे कंपनी स्थापन केल्याचा दाखला, तो किराणा विकणाऱ्या प्रायव्हेट लिमिटेडकडेही असतो. आयएसओ ही संघटना मानकं ठरवते, स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. प्रमाणपत्र बाहेरच्या एजन्सी देतात, त्यातल्या काही फक्त फीच्या पावतीवर देतात. राहिलं ते आंतरराष्ट्रीय. निधी उभारणाऱ्यांसाठी जगभर मानलं जाणारं सीएफआरई नावाचं प्रमाणपत्र खरोखर आहे. त्याच्या नुसत्या अर्जासाठी आधी प्रत्यक्ष कामाचा अनुभव, घेतलेलं प्रशिक्षण आणि उभारलेला निधी यांचे गुण दाखवावे लागतात, मग २०० प्रश्नांची परीक्षा असते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण. ज्यांच्याकडे ते आहे त्यांची नावं सार्वजनिक यादीत सापडतात. आमच्या कोर्सवाल्यांनी या चार अक्षरांत एक अक्षर वाढवून आपलं प्रमाणपत्र तयार केलं होतं. सहा रविवारी झूमवर बसलं की मिळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं जे कोणी बोलत नाही ते म्हणजे, संस्थेसाठी निधी उभारून देणाऱ्या सल्लागाराकडे अमुक प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं भारतातला कुठलाही कायदा सांगत नाही. ‘लवकरच सरकार सक्तीचं करणार आहे’ हे वाक्य विक्री करणाऱ्या मुलीने मला फोनवर दोनदा ऐकवलं. कुठल्या अधिसूचनेत, विचारलं तर ‘सर वेबिनारमध्ये सांगतील.’

वर्ग सुरू झाले. ‘सरां’ची ओळख निवृत्त अधिकारी अशी करून दिली होती, कुठल्या खात्यातले ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्या स्लाइडवर लिहिलं होतं, एफसीआरएच्या निधीतून ५० टक्क्यांपर्यंत प्रशासकीय खर्च चालतो. ही मर्यादा २०२०च्या दुरुस्तीने २० टक्क्यांवर आली आहे. पुढे म्हणाले, छोट्या संस्थेकडे एफसीआरए नसेल तर घाबरू नका, मोठ्या संस्थेकडून सब-ग्रँट, म्हणजे तिच्या परदेशी निधीतला वाटा, घ्या. त्याच दुरुस्तीने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणं पूर्ण बंद झालंय. हा सल्ला ऐकून कोणी चाललं तर दोन्ही संस्थांवर कारवाई ओढवेल.

मग कमिशनचा विषय निघाला. सीएसआर नियमांत पाच टक्के प्रशासकीय खर्चाची मुभा आहे, त्यात आपलं कमिशन बसवायचं, असं सरांनी अगदी छातीठोक सांगितलं. ज्यांनी नियम वाचलेत त्यांना माहीत आहे की ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चासाठी आहे. संस्थेच्या प्रकल्पखर्चाशी आणि सल्लागाराच्या मानधनाशी तिचा संबंध नाही. आणि उभारलेल्या रकमेवर टक्केवारीने मोबदला घेणं हे तर अमेरिकेतल्या फंडरेझर्सच्या संघटनेच्या आचारसंहितेतही निषिद्ध मानलंय. आपल्याकडे ‘दहा टक्के द्या, फंड आणतो’ म्हणणारे गल्लोगल्ली आहेत, ही वेगळी रड. सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल तर ‘देणगीदाराला रिटर्न मिळतात’ असं सांगितलं. संस्था तिथे जो झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल रोखा काढते त्यात व्याजही नाही आणि मुद्दलही परत नाही, नावातच आहे ते. मी चॅटमध्ये हे लिहिलं तर मला म्यूट केलं. चॅट कसं म्यूट करतात मला माहीत नव्हतं, त्या दिवशी कळलं.

रिफंड मागितला. नियमावलीत लिहिलं होतं, सात दिवसांच्या आत मागितला तरच. अभ्यासाच्या पोर्टलचा लॉगिन पाठवला होता आठव्या दिवशी.

आता असाइनमेंट. ‘प्रत्यक्ष संस्थेवर काम करा’ म्हणून प्रत्येकाने एका संस्थेची पूर्ण फाईल अपलोड करायची होती: नोंदणी प्रमाणपत्र, १२ए, ८०जी, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी फोन नंबरसकट, आणि रद्द केलेला चेक. ‘आमच्या पॅनेलवरच्या कंपन्यांना तुमचा प्रस्ताव दाखवू, उत्तम फाईलला थेट निधी’ हे आमिष. हीच फाईल आम्ही खऱ्या कंपनीला देतो, त्यामुळे मागणी चमत्कारिक वाटत नाही. सुरगाणा तालुक्यात पाण्याच्या कामावर असलेल्या संस्थेची फाईल मी दिली.

पुढे काही आठवड्यांनी संस्थेच्या अध्यक्षांचा, अण्णांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

‘ताई, तुमच्या त्या दिल्लीच्या साहेबांचा फोन होता. चाळीस लाख मंजूर झालेत म्हणाले. पत्र पण पाठवलंय.’

‘अण्णा, कुठले साहेब? मला तर कोणी काही बोललं नाही.’

‘तुमचंच नाव घेतलं ना त्यांनी. म्हणे मॅडमनी फाईल दिली, म्हणून झालं. फक्त फाईल चार्ज भरायचाय, दोन टक्के. ऐंशी हजार. उद्यापर्यंत भरला नाही तर दुसऱ्या संस्थेला जाईल.’

पत्र मागवून घेतलं. वर एका मोठ्या कंपनीचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, मेल मात्र फुकटच्या खात्यावरून आलेली. पत्रात लिहिलं होतं की रक्कम संस्थेच्या एफसीआरए खात्यात जमा होईल. या संस्थेकडे एफसीआरए नोंदणीच नाही, आणि असती तरी ते खातं दिल्लीला स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत, फक्त परदेशी निधीसाठी असतं. भारतीय कंपनीचा सीएसआर तिथे यायचं कारण काय? ‘फाईल चार्ज’ कोणा बाईच्या नावाच्या यूपीआयवर भरायचा होता.

अण्णांचे पैसे वाचले, ते अगदी योगायोगाने. संस्थेच्या खात्याला दोन सह्या लागतात आणि खजिनदार सप्तशृंगीला गेले होते. नाहीतर चेक तयार होता. बीडकडच्या एका सहकाऱ्याची संस्था मात्र एवढी नशीबवान नव्हती, त्यांनी पैसे भरले, मग ‘जीएसटी’ भरला, मग ‘ऑडिट फी’ भरली. तो माणूस आजही त्या संस्थेच्या विश्वस्तांना तोंड दाखवू शकत नाही, आणि त्यात त्याचा दोष शून्य आहे.

खरी कंपनी सीएसआरचा निधी देताना संस्थेकडून एक रुपयाही घेत नाही. प्रकल्प सीएसआर समितीकडून संचालक मंडळाकडे जातो, समितीची नावं, धोरण आणि मंजूर प्रकल्प कंपनीला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. शंका आली तर तिथल्याच नंबरवर फोन करायचा, पत्रावरच्या नव्हे. मी केला. तिकडच्या बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या, असे फोन आम्हाला नेहमीच येतात.

मग मी बिल काढून बसले. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. बिलावर पत्ता ठाण्याचा आणि क्रमांक ०९ने सुरू होणारा, म्हणजे उत्तर प्रदेशचा. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला तर एका विजेच्या सामानाच्या दुकानाचं नाव आलं, नोंदणी रद्द. म्हणजे १८ टक्के सरकारला गेलेच नव्हते. दोन मिनिटांचं काम आहे हे, आणि फुकट. पैसे भरायच्या आधी प्रोफॉर्मा बिल मागवून तेवढं बघाच. ठाण्याच्या पत्त्यावर पोस्टाने नोटीस पाठवली, ती परत आली. तिथे भाड्याने टेबलं देणारं ऑफिस आहे, टेबल कधीचंच दुसऱ्याला दिलेलं.

तक्रारीचं म्हणाल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लगेच केला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची आशा असते. माझ्यासारखा उशीर झाला की पोलीस म्हणतात, कोर्स झालाय ना, मग हा सेवेचा वाद आहे. अण्णांच्या प्रकरणाची खोट्या पत्रासकट सायबर पोर्टलवर वेगळी तक्रार केली, ती मात्र नोंदवून घेतली. माझ्या फीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेले. तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ठाण्याला खेटे घालावे लागत नाहीत. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, झूमच्या त्या चुकीच्या स्लाइड्स, रिफंडची नियमावली आणि लॉगिनच्या मेलची तारीख, सगळं जोडलंय. संस्थांनाही मी लेखी कळवलं की माझ्या नावाने कोणी फोन केला तर आधी मला विचारा. आता फाईल कोणालाही देताना प्रत्येक पानावर कोणासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते आडवं छापते. रद्द केलेला चेक करारावर सही झाल्याशिवाय देतच नाही.

शिकायचं नाही का मग? शिकायलाच हवं, नियम थांबणार नाहीत. सीएसआरवरची प्रश्नोत्तरं कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१च्या परिपत्रकात सविस्तर दिली आहेत, ती फुकट आहेत आणि सरांच्या सहा रविवारांपेक्षा जास्त शिकवतात. देवनारच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था), मानेसरच्या आयआयसीएमध्ये (कंपनी व्यवहार मंत्रालयाची संस्था) या विषयांचं प्रशिक्षण होत आलंय. सोशल स्टॉक एक्स्चेंजच्या बाजूने जायचं असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सामाजिक परिणाम तपासणाऱ्यांसाठीची परीक्षा आहे. यातलं कोणीही ‘पॅनेल’, ‘लीड’ किंवा ‘थेट निधी’ देऊ असं म्हणत नाही. कोर्सच्या जाहिरातीत शिकवण्यापेक्षा काम मिळवून देण्याचं जास्त बोलत असतील, तिथे मी आता पुढे वाचतही नाही.

बीडचा सहकारी आणि मी एकत्र येतोय. एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने सामायिक तक्रार करता येते. तुमच्याकडेही ठाण्याचा पत्ता आणि ०९ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक असलेलं बिल असेल, तर बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सअॅपचे संदेश पुसू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि आमच्या बॅचमधल्या काहींची ती संपत आली आहे.