सिबिल ६८० आणि ‘मंजूर’ झालेलं कर्ज: आगाऊ फीची फसवणूक कशी चालते

सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा क्रेडिट स्कोर, ५५० असलेल्याला कर्ज मिळणार नाही, हे त्याचं त्यालाच माहीत असतं. ७८० वाल्याच्या मागे बँकाच लागलेल्या असतात. फसवणाऱ्यांचं खरं गिऱ्हाईक मधलं, साधारण ६४० ते ७२०. या पट्ट्यातल्या माणसाला एक बँक नाही म्हणते, दुसरी ‘बघू’ म्हणते, तिसरी रक्कम निम्म्यावर आणते. अशा वेळी कुणी ‘आमच्याकडे होऊन जाईल’ म्हणालं, तर ते खोटं वाटत नाही. पुढचा सगळा खेळ तेवढ्या एका शक्यतेवर चालतो.

सुरुवात बहुतेक वेळा ग्राहकाच्याच एखाद्या अर्जातून होते. ‘फ्री सिबिल चेक’ किंवा ‘पाच मिनिटांत लोन’ अशा जाहिरातीवर नाव, मोबाइल, पॅन आणि पगार भरला की ती माहिती कुणाकुणाच्या हाती जाते यावर आपला ताबा राहत नाही. म्हणूनच फोन करणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की तुम्हाला तीन लाख हवेत आणि नकार आलाय. ‘सर, तुमची फाईल सिबिलमुळे अडकली होती ना? आता दुसऱ्या फायनान्समधून पास झालीये.’ ही माहिती त्याला कुठून मिळाली, हा प्रश्न तिथेच विचारायचा असतो. बहुतेक जण विचारत नाहीत, कारण बातमी चांगली असते.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीपत्राची पीडीएफ येते. ती नीट वाचली तर निम्मी फसवणूक तिथेच उघडी पडते. वर एखाद्या खऱ्या फायनान्स कंपनीचा लोगो, खाली रिझर्व्ह बँकेचा शिक्का आणि ‘अप्रूव्हड’चा हिरवा ठप्पा. पहिली गोष्ट, रिझर्व्ह बँक कुणाचंही वैयक्तिक कर्ज मंजूर करत नाही, त्यामुळे तिचा शिक्का असणं हाच खोटेपणाचा पुरावा. दुसरी, पत्रावरचा नोंदणी क्रमांक अनेकदा खरा असतो, फक्त तो या लोकांचा नसतो. क्रमांक शोधला, कंपनी सापडली, म्हणून फोनवरचा माणूस त्या कंपनीचा ठरत नाही. तिसरी गोष्ट हिशेबाची. पत्रात लिहिलेलं असतं: रक्कम ३,००,०००, मुदत ३६ महिने, व्याज ८ टक्के, हप्ता १०,३३३. कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये हे आकडे टाका, हप्ता ९,४०१ येतो. १०,३३३ हा आकडा पूर्ण मुद्दलावर तिन्ही वर्षं सरसकट ८ टक्के लावून काढलेला असतो. घटत्या शिलकीवर त्याचा खरा दर साडेचौदाच्या आसपास पडतो. आणि मुळात मध्यम स्कोरवर, तारण नसताना, ८ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज कोण देतंय?

यानंतर पैसे मागायला सुरुवात होते. आकडे प्रकरणागणिक बदलतात, क्रम फारसा बदलत नाही. आधी ‘फाईल चार्ज’ २,४९९ रुपये. तो भरला की ‘सिबिल कमी आहे, म्हणून कंपनीने कर्जाचा विमा सक्तीचा केलाय’, ७,८०० रुपये, शेवटच्या हप्त्यात परत मिळणार. मग ‘तुमची परतफेडीची क्षमता दाखवायला’ पहिले दोन हप्ते आगाऊ, म्हणजे २०,६६६. त्यानंतर एक स्क्रीनशॉट येतो: पैसे सुटले होते, पण तुम्ही दिलेल्या खाते क्रमांकात एक आकडा चुकला, रक्कम अडकली, सोडवायला १५,००० भरा. इथवर ४५,९६५ रुपये गेलेले असतात. तरीही कुणी टिकून राहिला, तर जीएसटी: तीन लाखांवर १८ टक्के, ५४,००० रुपये. कर्जाच्या मुद्दलावर जीएसटी लागतच नाही. तो लागतो प्रोसेसिंग फीसारख्या शुल्कावर. पण त्या टप्प्यावर माणूस हिशेब करण्याच्या पलीकडे गेलेला असतो.

लोक पुढे भरत का जातात, याचं उत्तर भोळेपणा हे नाही. शिकलेले, बँकेत रोज व्यवहार करणारेही यात सापडतात. प्रत्येक नवी मागणी ही ‘आधीचे बुडू नयेत म्हणून’ केलेला खर्च वाटते. शिवाय प्रत्येक फीला कमी स्कोरचं कारण जोडलेलं असतं, आणि ते कारण ग्राहकाला मनातून पटलेलं असतं. आपल्याला इतरांपेक्षा जास्त भरावं लागणार हे त्याने आधीच मान्य केलेलं असतं. फसवणारा फक्त ती मान्यता वसूल करतो.

‘पैसे मागितले म्हणजे फसवणूक’ असं सरसकट सांगितलं जातं, ते मात्र पूर्ण खरं नाही आणि त्याचा फायदा हेच लोक घेतात. गृहकर्जाला अनेक बँका लॉगिन फी, म्हणजे अर्ज दाखल करतानाची फी, आधी घेतात, ‘बघा, मोठ्या बँकासुद्धा घेतात’ म्हणून तिचा दाखला दिला जातो. फरक पैसे कुठे जातात यात आहे. खरी फी संस्थेच्या नावाच्या खात्यात जाते, तिची पावती मिळते आणि ती आधी लेखी सांगितलेली असते. वैयक्तिक कर्जात प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा मिळणाऱ्या रकमेतूनच कापली जाते, तीन लाख मंजूर झाले तर खात्यात थोडे कमी येतात. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर समोरच्याचं नाव दिसतं. तिथे एखाद्या व्यक्तीचं किंवा मोबाइल दुकानाचं नाव आलं, तर तिथेच थांबा. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा आहे, कारण त्यात पैशांसोबत माणूसही अडकतो. एजंट म्हणतो, ‘तुमचं बँकिंग कमजोर दिसतंय. आम्ही तुमच्या खात्यात काही एंट्र्या फिरवतो, तीन महिन्यांत स्टेटमेंट भारी होईल, मग फाईल लावू.’ त्यासाठी खात्याचं एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा त्या खात्याला जोडलेलं नवं सिमकार्ड मागितलं जातं. खात्यात खरंच पैसे येतात आणि जातात. ते असतात दुसऱ्या कुणाची तरी फसवणूक करून आणलेले. काही आठवड्यांनी खातं गोठवलं जातं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस येते आणि कर्ज मागायला गेलेला माणूस कागदोपत्री आरोपीच्या रांगेत उभा राहतो. ‘मला माहीत नव्हतं’ हे खरं असलं तरी ते सिद्ध करता करता पगाराचं खातं महिनोन्महिने बंद राहू शकतं. कर्ज मिळो न मिळो, खातं वापरायला द्यायचं नाही.

‘सात दिवसांत सिबिल ७५०’ करून देणाऱ्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. ब्युरो, म्हणजे क्रेडिट अहवाल आणि स्कोर तयार करणारी संस्था, स्वतःहून काही लिहीत नाही. बँका आणि वित्तसंस्था जे कळवतात तेच अहवालात येतं. हे लोक पाच-दहा हजार घेऊन ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवतात, जी तुम्ही फुकट नोंदवू शकता. ‘सेटल्ड’, म्हणजे देण्यापेक्षा कमी रक्कम घेऊन कर्ज मिटवल्याचा शेरा, खरा असेल तर तो तक्रारीने जात नाही. राहिलेली रक्कम भरून, कर्ज देणाऱ्या संस्थेकडून एनओसी (देणं बाकी नसल्याचं पत्र) घेऊन, तिलाच ब्युरोकडे ‘क्लोज्ड’ कळवायला लावावं लागतं. शेरा चुकीचा असेल तर ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला देण्याचा नियम आहे, आणि ती भरपाई मागितली पाहिजे.

झटपट कर्जाच्या बोगस अ‍ॅपमध्ये उलटं असतं: पैसे मिळतात, पण कमी. ५,००० मंजूर, खात्यात ३,००० आणि सात दिवसांनी मागणी पूर्ण ५,००० ची. म्हणजे आठवड्याला ६६ टक्क्यांहून जास्त. इथलं खरं तारण तुमचा फोन आहे. अ‍ॅप टाकताना दिलेल्या परवानगीतून संपर्कयादी आणि फोटो उचलले जातात, आणि वसुलीच्या वेळी बदनामीचे मेसेज नातेवाइकांना जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या अ‍ॅपला संपर्कयादी, कॉल लॉग किंवा फोटो-फायली बघता येत नाहीत. कॅमेरा, माइक, लोकेशन यांची परवानगी फक्त केवायसीपुरती (ओळख पडताळणीपुरती), एकदाच. जे अ‍ॅप संपर्कयादी मागतं, ते तिथेच नापास.

तपासायचं असेल तर हे क्रमाने बघा. फोनवरचा माणूस ज्या संस्थेचं नाव घेतो तिच्या अधिकृत संकेतस्थळावरचा क्रमांक तुम्ही स्वतः शोधून फोन करा, त्याने पाठवलेला नव्हे. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ असा संपतो. अ‍ॅपमधून कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर जुलै २०२५ पासून डिजिटल कर्ज अ‍ॅपची यादी आहे, तीत ते अ‍ॅप आणि त्यामागची बँक किंवा वित्तसंस्था सापडते का ते पाहा. यादीतली माहिती संस्थांनीच भरलेली असते, त्यामुळे नाव असलं म्हणजे कर्ज स्वस्त असं नाही. नाव नसलं तर मात्र विषय संपला. मग ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात सगळी शुल्कं धरून काढलेला वार्षिक दर, हप्त्यांचं वेळापत्रक आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क असतो, आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. फसवणारा हे पत्रक देत नाही, किंवा मंजुरीपत्रालाच तेच नाव देऊन मोकळा होतो.

सरकारी योजनेच्या नावाने फोन आला तर आणखी एक खूण. मुद्रा योजनेचं कर्ज बँका, वित्तसंस्था आणि सूक्ष्मवित्त संस्था देतात. मुद्रा ही संस्था स्वतः कुणा व्यक्तीला थेट कर्ज देत नाही. ‘मुद्रा कार्यालयातून बोलतोय, २,१५० भरा’ या वाक्यात खरं काही नसतं.

मध्यम स्कोरवाल्याला खरे मार्ग आहेत, फक्त ते फोनवरच्या आश्वासनाइतके गोड नाहीत. देशात चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्ज करण्याआधी तो काढा. बंद केलेलं पण चालू दिसणारं खातं किंवा दुसऱ्याचंच कर्ज आपल्या पॅनवर, असल्या चुका निघतात. क्रेडिट कार्डाची मर्यादा काठोकाठ वापरलेली असेल तर ती तीस टक्क्यांच्या खाली आणा. स्कोरवर याचा परिणाम बाकी उपायांपेक्षा लवकर दिसतो. एका आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि पुढची बँक ती बघते. तातडी असेल तर मुदत ठेव, सोनं किंवा विमा पॉलिसीवरचं कर्ज. तिथे स्कोरपेक्षा तारण बोलतं आणि व्याजही बिनतारणी कर्जापेक्षा सहसा कमी असतं.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या मेसेजमध्ये येणारा संदर्भ क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत पळवली जाण्याआधी ती रोखून धरता येते, म्हणून इथे तासांना किंमत आहे. आपल्या बँकेलाही लेखी कळवा. पण एक गोष्ट समजून घ्या: पिन टाकून स्वतः पाठवलेले पैसे हा ‘अनधिकृत व्यवहार’ धरला जात नाही, त्यामुळे ठरलेल्या मुदतीत कळवलं की बँक भरून देते हा नियम इथे सहसा लागू होत नाही. चॅट पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळे स्क्रीनशॉट काढा, ती पीडीएफ जपून ठेवा. पोलिसांत फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी लागतं. बिननोंदणीच्या संस्थेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते.

आधार, पॅन आणि फोटो त्यांच्याकडे गेले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि पुढचे काही महिने क्रेडिट अहवालावर लक्ष ठेवा. तुमचा अहवाल कुणी मागवला की ब्युरोने एसएमएस किंवा ईमेल करणं अपेक्षित आहे, म्हणून ब्युरोकडे आपला चालू मोबाइल क्रमांक नोंदलेला आहे ना ते बघा. न केलेल्या अर्जाचा मेसेज आला तर त्या संस्थेला त्याच दिवशी लेखी कळवा. आणि काही आठवड्यांनी ‘सायबर रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे ४५,९६५ परत मंजूर झालेत, फक्त कोर्ट फी ३,२०० भरा’ असा फोन येऊ शकतो. रक्कम अचूक सांगितली म्हणून तो सरकारी ठरत नाही. ती रक्कम सगळ्यात आधी माहीत असते ती घेणाऱ्यालाच.