व्हिटनी प्लांटेशन: बंगल्याआधी भिंती वाचा

लुईझियानात मिसिसिपीच्या काठाने जाणाऱ्या रिव्हर रोडवरच्या जुन्या ऊसमळ्यांत पाहुण्यांना बहुधा ओकच्या झाडांची रांग आणि मालकाचा थाट दाखवतात. वॉलेस गावाजवळचं व्हिटनी मात्र डिसेंबर २०१४ मध्ये खुलं झालं ते गुलामीत ठेवलेल्या माणसांचा इतिहास सांगण्यासाठीच. या विषयासाठी लुईझियानात एकच जागा पाहायची असेल तर ही पाहा.

न्यू ऑर्लिन्सपासून गाडीने साधारण तासाभराचा रस्ता आहे. सार्वजनिक बस नाही. जाताना टॅक्सी सहज मिळते, परतताना मिळेलच असं नाही, म्हणून स्वतःची गाडी किंवा जाण्यायेण्यासह घेतलेली सहल बरी. मंगळवारी बंद असतं. वाटाड्याबरोबर किंवा कानाला ऑडिओ लावून, अशा दोन्ही तऱ्हांनी फिरता येतं. वाटाड्याची फेरी अंगावर येणारे प्रश्न विचारण्यासाठी उत्तम, पण ती नावं कोरलेल्या भिंतींपाशी थांबू देत नाही. वाचायची सवय असेल तर ऑडिओ घ्या, फोन पूर्ण चार्ज करून न्या आणि किमान अडीच तास ठेवा. एका दिवसात तीन मळे उरकायच्या बेतात पहिला बळी या भिंतींचा जातो.

आणि खरा ऐवज तिथेच आहे. 'वॉल ऑफ ऑनर'वर याच मळ्यात राबलेल्या साडेतीनशेहून अधिक जणांची नोंद आहे. ग्वेंडोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी नोटरीची जुनी दप्तरं चाळून जी सूची उभी केली, तिच्यातली १,०७,००० नावं दुसऱ्या भागात कोरली आहेत. अनेकांचं आडनावच नाही, कारण मालमत्तेच्या यादीत त्याची गरज नव्हती. नुसतं नाव वाचून पुढे जाऊ नका. जिथे मूळ मुलूख, वय, कसब दिलं आहे तिथे थांबा. ही माहिती टिकली ती माणसाची किंमत ठरवायची होती म्हणून. 'फील्ड ऑफ एंजल्स'मध्ये तिसरा वाढदिवस न पाहिलेल्या २,२०० बाळांची नावं आहेत, ती चर्चच्या नोंदवह्यांतून आलेली.

आवारातल्या लोखंडी काहिलींकडे लोक शोभेची भांडी समजून पाहतात, हे फार वाईट वाटतं. लुईझियानात थंडीत दव गोठलं की उभा ऊस वाया जातो. म्हणून ऑक्टोबरपासून तोड आणि गाळप रात्रंदिवस चाले. मोठ्या काहिलीतला उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी लहानात, तिथून आणखी लहानात ओतत न्यायचा. शेवटची सर्वांत लहान काहील थेट आगीवर. दमलेल्या हातांनी हे करताना भाजणं, चरकात हात सापडणं ठरलेलंच.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: सगळ्या इमारती मूळच्या इथल्या नाहीत. १७९०च्या सुमाराचा बंगला इथलाच. पण अँटिऑक बॅप्टिस्ट चर्च गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्यांनी बांधलेलं, नदीपलीकडच्या पॉलिनाहून आणलेलं. लोखंडी कोठडी १८६८ ची, म्हणजे तीही गुलामगिरीवर बंदी आल्यानंतरची. गुलामांना इथे कोंडत असत असा समज करून घेऊन बरेच जण निघून जातात. फलकावरचं साल आधी पाहावं. संग्रहालयाने ते आणखी ठळक करायला हवं. चर्चमधले, शिल्पकार वुड्रो नॅश यांनी घडवलेले मुलांचे पुतळे, गुलामीत बालपण गेलेल्या वृद्धांनी १९३०च्या दशकात सांगितलेल्या आठवणींवर उभे आहेत. म्हणून ती मुलं मुलंच, जरी सांगणारे तेव्हा बहुतेक ऐंशीच्या पुढचे होते.

लहान मुलं बरोबर असतील तर गुलामांच्या १८११च्या उठावाचं स्मारक दाखवायचं की नाही ते आधी ठरवून घ्या. चार्ल्स डेस्लॉन्ड्सच्या नेतृत्वाखाली न्यू ऑर्लिन्सकडे निघालेला तो उठाव मोडल्यावर बंडखोरांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली गेली, आणि इथे ती तशीच घडवली आहेत.

बहुतेक फिरणं उघड्यावर. उन्हाळ्यात सकाळची पहिलीच वेळ धरा, पाणी आणि टोपी घ्या. पावसानंतर चिखल होतो, तेव्हा बंद बूट. ऑगस्ट २०२१ मधल्या इडा चक्रीवादळाने इथे मोठं नुकसान केलं होतं, म्हणून तिकीट काढतानाच कोणती इमारत आतून पाहता येईल ते विचारा.